परग्रहवासी गुलामांच्या सुटकेची चित्रकथा: निर्णय कोणाच्या हातात आहेत?

तुमच्या प्रश्नातला मजकूर थोडक्यात असा: चोवीस पानांचा एकच अंक आहे. एका दूरच्या चंद्रावरील खाणीत तीनशे परग्रहवासी गुलाम म्हणून राबत आहेत. पृथ्वीवरून निघालेल्या यानाच्या कप्तान बाईंना त्यांचा संदेश योगायोगाने मिळतो, त्या पहारेकऱ्यांशी लढतात, एकविसाव्या पानावर खाणीचे दार फुटते आणि चोविसाव्या पानावर सगळे यानात बसून निघून जातात. संहिता वाचलेल्या मित्रांचे म्हणणे असे पडले की लढाई रंगली आहे, पण ज्यांच्यासाठी ती झाली त्यांपैकी एकही जण लक्षात राहत नाही आणि शेवट खोटा वाटतो. त्यावर "आठ पाने वाढवू का?" असे तुम्ही विचारले आहे.

पाने वाढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बरीच वर्षे चित्रकथांच्या संहिता लिहितो आणि इतरांच्या तपासतो; सुटकेच्या कथांमध्ये हा दोष इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे मूळ पानांच्या टंचाईत नसते, हे आता खात्रीने सांगता येते. मूळ प्रश्न असा आहे की कथेतले निर्णय कोण घेते. त्याची परीक्षाही सोपी आहे. लाल पेन्सिल घेऊन संहिता पहिल्या पानापासून वाचा आणि ज्या ज्या ठिकाणी कोणीतरी काही ठरवते व त्यामुळे पुढची परिस्थिती बदलते, तिथे त्या पात्राचे नाव समासात लिहा. तुमच्या सारांशावरून मला दिसते ते असे की समासात कप्तान बाईंचे नाव येईल, खलनायकाचे येईल, यानातल्या अभियंत्याचे एखाद-दुसऱ्या वेळी येईल. परग्रहवासीयांपैकी कोणाचेही येणार नाही. ते तीनशे जण सुरुवातीला साखळदंडात आहेत आणि शेवटी यानात आहेत, मधल्या वेळात त्यांच्याकडून काहीच घडलेले नाही. वाचकाला ते आठवत नाहीत, याचे कारण तेवढेच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. वाचक आठ-दहा वर्षांचा असेल तर दार फुटण्याचा आनंद हाच अंकाचा गाभा राहू द्यावा आणि माझ्या पुढच्या सूचनांपैकी शेवटाविषयीची सूचना सौम्य करावी. अंक मालिकेतला पहिला असेल तर पुष्कळ धागे मोकळे सोडता येतात. एकच स्वतंत्र अंक असेल तर ती सवलत नाही. तुम्ही "एकच अंक" म्हटले आहे, म्हणून मी तसे धरून लिहितो.

निर्णय गुलामांच्या हातात देणे म्हणजे त्यांच्याकडून दोन पानांची मारामारी करवून घेणे नव्हे. या बाबतीत कल्पनेपेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, आणि अमेरिकी यादवी युद्धातला रॉबर्ट स्मॉल्स यांचा प्रसंग मी नव्या लेखकांना नेहमी वाचायला सांगतो. १३ मे १८६२ च्या पहाटे साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेचे 'प्लांटर' नावाचे लष्करी वाहतुकीचे जहाज उभे होते. जहाजावरचे गोरे अधिकारी रात्री घरी झोपायला गेले होते. सुकाणू सांभाळणारे स्मॉल्स हे गुलाम होते, पण बंदरातले उथळ-खोल पाणी, प्रत्येक किल्ल्याला द्यायची शिट्टी आणि कप्तानाची उभे राहण्याची ढब त्यांना पाठ होती. त्यांनी कप्तानाची गवती टोपी घातली, वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून आपली व सहकाऱ्यांची बायकामुले जहाजावर घेतली, फोर्ट समटर या किल्ल्यासमोरून कप्तानासारखेच उभे राहून नेमकी शिट्टी दिली आणि तोफांच्या माऱ्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून उत्तरेच्या आरमारासमोर पांढरी चादर फडकवली. सोळा माणसे एका पहाटेत मुक्त झाली. संपूर्ण प्रसंगात एकही गोळी सुटत नाही, तरीही त्यात चित्रकथेला हवे ते सगळे आहे: वेशांतर, खूण चुकली तर मृत्यू, आणि किल्ल्याच्या भिंतीखालून जहाज हळूहळू सरकत असतानाच्या त्या लांबलचक चौकटी.

यातून घ्यायची गोष्ट अशी की गुलामाला मालकाच्या यंत्रणेची जेवढी माहिती असते तेवढी बाहेरून आलेल्या कोणालाही असत नाही. ती खाण रोज चालवणारे तुमचे तीनशे जण आहेत. कोणत्या पाळीला कोणता पहारेकरी पेंगतो, हवेचा दाब कोणत्या झडपेवर तोलला आहे, मालवाहू यान किती वजनापुढे उडत नाही, हे त्यांना माहीत असणारच. मग कप्तान बाई नकाशा स्वतः का शोधत बसतात?

बाहेरून मदत येऊच नये, असा माझा आग्रह नाही. २ जून १८६३ रोजी याच साउथ कॅरोलायनात कॉम्बाही नदीवर जो छापा पडला त्यात जहाजे आणि सैनिक बाहेरचेच होते. पण नदीत सुरुंग कुठे पेरले आहेत ही माहिती हॅरिएट टबमन आणि त्यांच्या हेरांनी तिथल्याच गुलामांकडून मिळवली होती. टबमन स्वतः गुलामीतून पळून आलेल्या होत्या. त्या रात्री सातशेहून अधिक माणसे सुटली. तुमच्या अंकासाठी मला हाच नमुना योग्य वाटतो: यान कप्तान बाईंचे, योजना खाणीतल्यांची. त्यासाठी कथानक मोडावे लागत नाही. पहिल्या पानावरचा जो संदेश आज योगायोगाने ऐकू येतो, तो कोणीतरी जाणूनबुजून, जीव धोक्यात घालून पाठवलेला असू द्या, आणि तो पाठवणाऱ्या पात्राला नाव, चेहरा व स्वतःचे कारण द्या. एवढ्या एका बदलाने समासात पहिले नाव परग्रहवासीयाचे येते.

आता एक शंका, जी तुमच्या मित्रांनी काढलेली दिसत नाही पण विज्ञानकथेचा मुरलेला वाचक पहिल्या पाच पानांत काढेल. ज्या संस्कृतीकडे ताऱ्यांमधून प्रवास करणारी याने आहेत, तिला खाणीत गुलाम कशाला लागतात? यंत्रे का नाहीत? "खलनायक क्रूर आहे" हे उत्तर पुरेसे नाही. गुलामगिरीत क्रौर्य भरपूर होते, पण ती चालली हिशेबावर. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत माणसांना रात्रंदिवस पिळून काढले जाई, कारण तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस खराब होतो. घाणा थांबवणे मालकाला परवडत नसे. तुमच्या खाणीलाही असा एखादा भौतिक नियम हवा. समजा, तिथले खनिज विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या जवळ नेताच विघटित होते, त्यामुळे मोटरवर चालणारे कोणतेही यंत्र तिथे निरुपयोगी ठरते आणि त्या परग्रहवासीयांचे हात मात्र चालतात. असा नियम एकाच निवेदनपट्टीत सांगून होतो, आणि पुढे तोच नियम सुटकेत कामाला येतो: पहारेकऱ्यांची शस्त्रे खनिजाच्या साठ्याजवळ चालणार नाहीत हे कोणाला माहीत असेल?

बंधनाचे स्वरूपही साखळदंडांपुरते ठेवू नये, कारण गळ्यातला चमकणारा पट्टा वाचकाने शंभर वेळा पाहिलेला आहे. आपल्याकडे वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. त्या कायद्याचा मुख्य रोख साखळीवर नव्हता, तर कर्जाच्या बदल्यात करून घेतलेल्या श्रमावर होता. उसाच्या फडात उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाची उचल हंगामाच्या शेवटीही फिटत नाही आणि पुढच्या हंगामाचे कामही त्याच मुकादमाकडे बांधले जाते, ही गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या चंद्रावर हवा मोजून दिली जात असेल आणि प्रत्येक श्वास खात्यावर मांडला जात असेल, तर एकही साखळी न काढता बंदिवास दाखवता येईल. आपल्या पिलाच्या नावावर जन्मतःच किती हवा चढली आहे हे भिंतीवरच्या पाटीवर वाचणारी आई, ही एक चौकट पुरेशी आहे.

पहारेकरी सगळे एकाच दुष्ट जमातीचे असावेत का, हाही विचार करावा. मलिक अंबर यांचे चरित्र महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडेफार माहीत असते: इथिओपियात जन्म, अनेकदा विक्री, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीची सूत्रे हातात घेऊन खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मुत्सद्दी. पण ज्या चंगीझखानाने त्यांना दख्खनमध्ये विकत घेतले, तो निजामशाहीचा पेशवाही हबशीच होता आणि एके काळी गुलामच होता, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. प्रत्यक्ष इतिहासात मालक आणि गुलाम यांच्या सीमारेषा कातडीच्या रंगाने इतक्या नीट आखलेल्या नसतात. खाणीतला एखादा मुकादम परग्रहवासीयांपैकीच असू द्या. दार उघडल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न कप्तान बाईंच्या बंदुकीने सुटणार नाही.

भाषेच्या प्रश्नावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण तुमच्या संहितेत तिसऱ्या पानावर "अनुवादक यंत्र सुरू केले" असे वाक्य आहे आणि त्या वाक्याने तुम्ही कथेतला सर्वांत चांगला ऐवज फेकून दिला आहे. १८३९ मध्ये क्यूबाजवळ 'आमिस्ताद' या जहाजावरील बंदिवान आफ्रिकनांनी सेंग्बे पिए यांच्या नेतृत्वाखाली जहाज ताब्यात घेतले. जिवंत ठेवलेल्या दोन स्पॅनिश मालकांनी दिवसा पूर्वेकडे आणि रात्री हळूच उत्तरेकडे जहाज हाकून त्यांना फसवले आणि अखेर ते सगळे अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडले गेले. तुरुंगात त्यांचे म्हणणे कोणालाच कळत नव्हते. तेव्हा येल येथील प्राध्यापक जोसाया गिब्ज यांनी बोटे दाखवून त्यांच्याकडून एक ते दहा हे आकडे शिकून घेतले आणि न्यूयॉर्कच्या गोदीत, खलाशांच्या गर्दीत, ते आकडे मोठ्याने म्हणत ते फिरू लागले. जेम्स कव्ही नावाच्या एका तरुण खलाशाने ते ओळखले. भाषा मेंडे होती, आणि कव्ही स्वतः लहानपणी गुलाम म्हणून पकडला जाऊन सुटलेला होता. त्याच्यामुळे बंदिवानांना न्यायालयात स्वतःची हकिकत सांगता आली आणि १८४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त ठरवले.

चित्रकथेला हे तंत्र जसेच्या तसे लागू पडते, कारण आकडे चित्रात दाखवता येतात. परग्रहवासीयांच्या संवादाच्या फुग्यांत सुरुवातीला फक्त खुणा असू द्या. चौथ्या-पाचव्या पानावर कोणीतरी खनिजाचे खडे मांडून मोजते आणि प्रत्येक खड्याबरोबर एक खूण येते. नवव्या पानावर तीच खूण "तीन पहारेकरी" या अर्थाने आली की वाचकाला ती कप्तान बाईंच्याही आधी कळली पाहिजे. वाचक स्वतः भाषा शिकला की त्या पात्राशी त्याचे नाते जुळते. अनुवादक यंत्राने हे कधीच साधत नाही. खुणा मात्र साध्या भौमितिक ठेवा. देवनागरी उलटी किंवा तिरपी करून "परकी" लिपी बनवण्याचा मोह बहुतेकांना होतो, परंतु वरच्या-खालच्या मात्रांमुळे तो मजकूर फक्त बिघडलेल्या फाँटसारखा दिसतो. तसेही मराठी मजकुराला दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते. डीटीपी करणाऱ्याशी आधीच बोलून फुगे थोडे उंच ठेवून घ्या आणि एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपलीकडे जाऊ नका.

चित्रांविषयी दोनच गोष्टी सांगतो, पण त्या चित्रकारापर्यंत जरूर पोहोचवा. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीने दोन चित्रे अजरामर केली. एक १७८७ चे, वेजवुड यांच्या कारखान्यातल्या पदकावरचे: साखळदंडातला, गुडघा टेकून हात जोडणारा माणूस. दुसरे १७८८ चे, 'ब्रूक्स' या जहाजाचा आडवा छेद: तळघरात शेकडो सारख्याच छोट्या आकृत्या दाटीने मांडलेल्या. दोन्हींनी त्या काळी मोठे काम केले. पण पहिल्यात माणूस दयेची याचना करतो आणि दुसऱ्यात तो संख्या होतो, आणि आजचा चित्रकार सवयीने नेमक्या याच दोन रचनांकडे वळतो: कप्तान उभी, परग्रहवासी खाली, किंवा वरून पाहिलेली अफाट गर्दी. गर्दीचे चित्र संपूर्ण अंकात एकदाच, तेही पानभर वापरा, जेणेकरून त्याचा धक्का बसेल. बाकी सर्वत्र तीन-चार ओळखीचे चेहरे फिरवा आणि कप्तान बाई बोलत असताना दोघांचे डोळे एका रेषेत ठेवा. परग्रहवासी चार फूट उंचीचे असतील तर कप्तान बाईंना खाली बसवा.

शेवटाकडे वळतो. तो खोटा वाटतो, कारण यानात बसणे म्हणजे मुक्त होणे नव्हे आणि वाचकाला ते आतून माहीत असते. ब्रिटिश आरमाराने १८०८ पासून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजे पकडायला सुरुवात केली. त्या मोहिमेत सुमारे दीड लाख माणसे सोडवली गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण सुटलेल्यांपैकी पुष्कळांना सिएरा लिओनमधील फ्रीटाऊनला उतरवले गेले, जिथे त्यांचे गाव नव्हते. कित्येकांना चौदा वर्षांपर्यंतच्या उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ कामगाराच्या, करारावर कामाला लावले गेले, तर काहींना थेट सैन्यात भरती केले गेले. सोडवणाऱ्यांनी त्यांना विचारले नव्हते.

याच गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. हिंदी महासागरात अरबी गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काहींना मुंबईत आणले गेले आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात वाढवले गेले. तिथे ती मुले सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे स्कॉटिश धर्मप्रसारक व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधासाठी आफ्रिकेत गेले, त्यांचा मृतदेह हजारभर मैल समुद्रापर्यंत नेणाऱ्यांमध्ये होते आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीलाही उपस्थित होते. नाशिक-मुंबईचे आणखी काही आफ्रिकन १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळ वसवलेल्या फ्रीअरटाऊन या मुक्त गुलामांच्या वस्तीत गेले. म्हणजे सुटका झाल्यावर ही मुले एका परक्या देशात, परक्या भाषेत आणि परक्या धर्मात मोठी झाली, आणि मग प्रौढपणी ज्या खंडात परतली तिथे ती पुन्हा थोडी परकीच होती. माझ्या मते तुमच्या अंकाचा खरा उत्तरार्ध इथे दडलेला आहे.

म्हणून पानांची फेरमांडणी सुचवतो. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या अंकात सम क्रमांकाचे पान डाव्या हाताला, म्हणजे पान उलटल्यावर समोर येते. धक्का तिथे द्यायचा असतो. दार आज एकविसाव्या पानावर, म्हणजे उजव्या बाजूला फुटते, त्यामुळे विसावे पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात स्फोट दिसून जातो. ते दार सोळाव्या पानावर आणा. त्यासाठी मधल्या लढाईतली पाच पाने कमी होतील. ती होऊ द्या, कारण मित्रांना लढाई आवडली असली तरी त्यांच्या तक्रारीत ती कुठेच नाही. सतराव्या पानापासून यानातली जागा, हवा आणि इंधन यांचा हिशेब मांडा. यान तीनशे जणांसाठी बांधलेले नाही. कप्तान बाईंना पृथ्वी सुरक्षित वाटते. संदेश पाठवणाऱ्या पात्राला वाटत नाही. काहींना जन्मग्रहावर परत जायचे आहे, पण खाणीतच जन्मलेल्या पिढीने तो ग्रह पाहिलेलाच नाही. काही जण खाण ताब्यात ठेवून तिथेच राहू म्हणतात, कारण यंत्रे त्यांना चालवता येतात आणि हवेच्या खात्याची वही आता त्यांच्या हातात आहे. या वादात कप्तान बाईंना एकच मत असू द्या आणि ते हरू द्या. बाविसावे-तेविसावे पान त्या निर्णयासाठी ठेवा. चोविसाव्यावर यान ठरलेल्यापेक्षा कमी माणसे घेऊन उडाले तरी हरकत नाही.

खलनायकाला मारायचे की नाही, हा तुमचा शेवटचा उपप्रश्न या मांडणीत फारसा उरत नाही. मारायचाच असेल तर पंधराव्या पानाच्या आधी मारा, म्हणजे त्याचा मृत्यू शेवट म्हणून मिरवणार नाही. मुखपृष्ठावर साखळी तोडणाऱ्या कप्तान बाई नकोत, खडे मोजणारा हात पुरे. आणि चित्रकाराने शाई लावलेली पाने आणखी पुढे जाण्याआधी सोळा ते चोवीस या नऊ पानांची कच्ची रेखाटने काडीच्या माणसांत का होईना, स्वतः काढून पाहा. चित्रकाराला पानागणिक मानधन द्यायचे असेल, तर हे काम त्याच्याकडून दोनदा करून घेणे तुम्हाला परवडणार नाही.